मागचा शॉकअप कुणासाठी?

माजी सैनिकांच्या ग्रुपवर सध्या एक सल्ला फिरतोय. बॅटरीवाली माउंटन बाइक घ्यायची असेल तर फुल सस्पेन्शनच घ्या, पाठीला बरं. सल्ला देणारे आपलेच लोक आहेत, मनापासून देतात. पण या सल्ल्यामुळे माझ्या ओळखीच्या चार-पाच जणांचे पैसे बुडालेले मी पाहिलेत, म्हणून आज जरा कडक लिहिणार आहे. आपल्या खिशाला झेपेल त्या किमतीत, आपल्या रस्त्यांवर, आपल्या गावातल्या मेकॅनिकच्या भरवशावर मागचा शॉकअप घेणं म्हणजे पदरचे पैसे देऊन दुखणं घरी आणणं आहे. हार्डटेल घ्या.

ज्यांना हे शब्द नवे आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. हार्डटेल म्हणजे शॉकअप फक्त पुढच्या चिमट्यात, मागची चौकट एकसंध. फुल सस्पेन्शन म्हणजे मागचं चाकही वेगळ्या हातावर बसवलेलं, तो हात सांध्यांवर वरखाली होतो आणि मध्ये एक शॉकअप असतो. बॅटरी आणि मोटर दोन्हीकडे असते. आपल्याकडे मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला की ती सायकलच धरली जाते. लायसन्स नको, नंबर प्लेट नको. म्हणून तर निवृत्त माणसाला ती भुरळ घालते. गुडघे गेलेत पण डोंगर अजून डोक्यातून गेलेला नाही, अशांसाठी ही चीज खरोखर चांगली आहे. भांडण सायकलीशी नाही, मागच्या शॉकअपशी आहे.

आधी पैशाचं बोलू. जवान १५-१७ वर्षांची नोकरी करून चाळिशीच्या आत-बाहेर घरी येतो. हातात ग्रॅच्युइटी, फंड आणि कम्युटेशनची रक्कम येते. कम्युटेशन म्हणजे बक्षीस नव्हे. आपल्याच पेन्शनचा तुकडा आपण आगाऊ उचललेला असतो आणि तो पुढची १५ वर्षं दर महिन्याला कापला जातो. त्या पैशातून घराचं छप्पर होतं, मुलीची फी होते, विहिरीवरची मोटर बदलली जाते. उरलेल्या चाळीस-पन्नास हजारांत माणूस स्वतःसाठी एक सायकल घेतो. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी. ती तीन पावसाळे टिकली नाही तर पुढची बारा वर्षं पेन्शन स्लिपवर कपात बघताना त्याला काय वाटत असेल, याचा विचार दुकानदार करत नाही. आपण करायला हवा.

आता त्या चाळीस-पन्नास हजारांत "डबल शॉकअप" म्हणून काय मिळतं ते बघा. चौकटीच्या मध्यभागी लाल नाहीतर पिवळा रंग दिलेली एक जाड स्प्रिंग. बस्स. शॉकअपमध्ये दोन कामं असतात. स्प्रिंग धक्का साठवते आणि डॅम्पर तो खातो. डॅम्पर म्हणजे बारीक भोकातून तेल ढकलणारी व्यवस्था. त्या ढकलण्यात धक्क्याची ताकद उष्णता होऊन निघून जाते. डॅम्पर नसेल तर स्प्रिंग धक्का जसा घेते तसाच परत देते, फक्त थोड्या वेळाने. म्हणजे खड्ड्यात चाक गेलं तेव्हा जो दणका बसायचा तो खड्डा ओलांडल्यावर खालून बसतो, आणि तोवर तुम्ही निवांत सीटवर टेकलेले असता. पाठीला बरं म्हणून घेतलेली वस्तू पाठीलाच अवेळी लाथ घालते.

हे ओळखायला इंजिनिअर लागत नाही. दुकानात सीटवर दोन्ही हातांनी पूर्ण वजन टाकून दाबा आणि एकदम सोडा. सीट सावकाश, एकदाच वर आली तर आत डॅम्पर आहे. टुणकन वर येऊन पुन्हा खाली-वर झाली तर ती गादीची स्प्रिंग आहे. दुसरी परीक्षा: चौकट एका हाताने घट्ट धरा आणि मागचं चाक आडवं हलवा. नव्या सायकलीत सांध्यांमधून टकटक जाणवली तर एका पावसाळ्यानंतर काय होईल ते सांगायला नको.

आमच्या जुन्या युनिटमधल्या एका सुभेदार साहेबांची गोष्ट सांगतो. नाव नको, साहेब हे वाचतात. एलएमसी होऊन घरी गेलेले, कमरेच्या मणक्याचं दुखणं नोकरीतलंच. मुलाने प्रेमाने डबल शॉकअपची बॅटरी सायकल आणून दिली. मागच्या चाकात हब मोटर. पहिला महिना साहेब खूश होते, रोज सकाळी फोटो. मग फोटो बंद झाले. मी सुट्टीत भेटायला गेलो तर सायकल गोठ्यात उभी, मागचा हात एका बाजूला झुकलेला. सांध्यातले प्लास्टिकचे बुश घासून गेले होते. विकणाऱ्याने सांगितलं, पार्ट येत नाही, पूर्ण चौकट बदलावी लागेल. गावातल्या मेकॅनिकने दोन वॉशर घालून दिले. ते आठ दिवस टिकले. साहेब एवढंच म्हणाले, "अरे, आपल्याला रायफल मिळाली ती तरी आपण डोळे झाकून खोलायचो. हिचं काय खोलायचं तेच कळत नाही."

त्यात हब मोटरचं गणित उलटं पडतं ते वेगळंच. शॉकअप नीट चालायचा तर चाकाकडचं वजन कमी हवं, म्हणजे चाक खड्ड्यात चटकन उतरतं आणि चटकन चढतं. हब मोटर मागच्या चाकाच्या पोटातच तीन-साडेतीन किलो भर घालते. एवढं जड चाक आणि डॅम्पर नसलेली स्प्रिंग, म्हणजे खराब रस्त्यावर चाक टप्पे खात जातं. चांगल्या फुल सस्पेन्शन बाइकमध्ये म्हणूनच मोटर पॅडलपाशी, चौकटीच्या मध्ये बसवतात. तिथे मोटरचं वजन शॉकअपच्या वरच्या बाजूला येतं. पण ती बाइक बहुधा परदेशातून येते आणि तिच्या किमतीत आपल्याकडे सेकंडहँड चारचाकी दारात उभी राहते.

आता विरुद्ध बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो, कारण आमचे काही हार्डटेलवाले दोस्त इथे खोटं बोलतात.

साध्या सायकलीपेक्षा बॅटरीच्या सायकलीवर मागच्या शॉकअपची गरज थोडी जास्त भासते, हे खरं आहे. साध्या सायकलीवर चढ आला की माणूस उठून उभा राहतो. पाय आणि गुडघे हेच त्याचे शॉकअप. मोटर असली की तो बसून राहतो आणि बसल्या बसल्या दगडांवरून जातो. दणका सरळ माकडहाडात. शिवाय चांगला शॉकअप मागचं चाक जमिनीला चिकटवून ठेवतो, त्यामुळे सुट्या खडीच्या चढावर मोटरची ताकद फुकट चाक फिरवण्यात जात नाही. ज्यांनी एखादी चांगली फुल सस्पेन्शन चालवली आहे ते जे गुण गातात ते खोटे नाहीत.

आणि वजनाचा मुद्दा तर आपल्या बाजूने वापरूच नका. "फुल सस्पेन्शन तीन किलो जड, बॅटरी लवकर संपते" असं म्हणतात. गणित करू. लेह साधारण ३,५०० मीटरवर, खार्दुंग ला ५,३५९ मीटरवर. (तिथल्या जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं होतं, ते फोटोसाठी ठीक.) म्हणजे ४० एक किलोमीटरमध्ये सुमारे १,८५० मीटर चढाई. माणूस, सायकल आणि सामान मिळून ११० किलो धरले तर एवढं वजन नुसतं वर उचलायला साधारण ५५५ वॉट-तास लागतात, टायरच्या घर्षणाचे सव्वाशे-दीडशे वेगळे. म्हणजे सातशे. त्यातले निम्मे पायांनी दिले आणि मोटरची स्वतःची गळती धरली तर बॅटरीतून चारशे-साडेचारशे जातात. या सगळ्यात जादा तीन किलोचा वाटा किती? १५ वॉट-तास. दोन खजूर खाऊन पाय भरून काढतील एवढा. उलट या हिशोबातून दुसरीच गोष्ट बाहेर येते: आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींत ३६ व्होल्ट १० अँपिअर-तासाची, म्हणजे ३६० वॉट-तासाची बॅटरी असते. ती खार्दुंग लापर्यंत नेणार नाही, मागे शॉकअप असो वा नसो. पैसे घालायचेच असतील तर ते बॅटरीत घाला.

तेव्हा माझा मुद्दा वजनाचा नाही. माझा मुद्दा दुरुस्तीचा आहे, आणि तो आपल्याला फौजेने शिकवलाय.

प्रत्येक यंत्राची दुरुस्ती कुठवर जाऊन होते याच्या पायऱ्या असतात. काही काम ड्रायव्हर स्वतः करतो. काही युनिटच्या एलएडीत होतं. त्यापुढचं फील्ड वर्कशॉपला आणि मोठं काम बेस वर्कशॉपला. पुढच्या चौकीवर कोणती गाडी न्यायची हे ठरवताना जाणता एमटी हवालदार गाडीचा वेग विचारत नाही. बंद पडली तर कुठवर ओढत न्यावी लागेल, हे विचारतो. हाच प्रश्न सायकलीला विचारा. हार्डटेलमधल्या बहुतेक बिघाडांची दुरुस्ती ड्रायव्हर करतो किंवा एलएडी, म्हणजे तुम्ही स्वतः किंवा नाक्यावरचा सायकलवाला. चेन, ब्रेक पॅड, स्पोक, ट्यूब. पुढचा चिमटा बिघडलाच तर कुठल्याही मोठ्या शहरात मिळणारा दुसरा चिमटा बसवता येतो. मोजमापं ठराविक असतात: चाकाचा आकार, स्टिअररचा व्यास, एक्सल. चिमटा अगदी अडकून बसला तरी सायकल चालतेच, जरा कडक चालते.

फुल सस्पेन्शनचा मागचा भाग म्हणजे थेट बेस वर्कशॉपचं काम. सांध्यांमध्ये सात-आठ किंवा जास्तच बेअरिंग. ती काढायला प्रेस लागते. हातोडीने ठोकून काढली की बेअरिंगची जागा खराब होते आणि ती जागा चौकटीचाच भाग असते. मागचा शॉकअप हवेचा असेल तर त्यात दीड-दोनशे पीएसआय हवा लागते. पायपंपाने ती भरत नाही, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनेही भरू नये. त्याला वेगळा बारीक पंप येतो. तुमच्या वजनाप्रमाणे हवा बेतली नाही तर लाखाचा शॉकअपही दोन हजारांच्या स्प्रिंगसारखाच वागतो. आणि या शॉकअपची सर्व्हिस किती तासांनी? रॉकशॉक्ससारखी कंपनी ५० तास चालवल्यावर वरचं सील आणि तेल बघायला सांगते आणि २०० तासांनी पूर्ण आतून. रोज एक तास फिरणाऱ्या माणसाचे ५० तास दोन महिन्यांत होतात. सातारा, सांगली, चंदगड, खटाव, माण, कुठलंही गाव घ्या, दर दोन महिन्यांनी शॉकअप उघडणारा माणूस तिथे कोण आहे? पुण्याला पाठवा म्हणतात. पाठवा, दोनदा पाठवाल. तिसऱ्यांदा सायकल गोठ्यात.

मी सध्या लडाखात आहे. नेमकं कुठे ते लिहीत नाही, लिहायचं नसतं. इथे धुळीचे दोन प्रकार आहेत. एक डोळ्यात जाते ती, आणि दुसरी पिठीसारखी, जी सीलमधून आत शिरते. संध्याकाळी चिमट्याच्या चकचकीत नळ्या फडक्याने पुसल्या नाहीत तर सकाळी सीलच्या कडेला राखाडी कडं दिसतं. दोन नळ्या पुसायला एक मिनिट पुरतं. मागच्या शॉकअपची नळी अगदी चाकाच्या तोंडावर असते, चाक तिच्यावर धूळ फेकतच राहतं आणि सांधे पुसायची सोयच नाही. विमानाने बॅटरीही येत नाही, कारण प्रवासी विमानात १६० वॉट-तासांच्या वरची लिथियम बॅटरी चालत नाही. म्हणजे सायकल यायची तर रस्त्याने, पार्ट यायचे तर रस्त्याने, आणि हिवाळ्यात रस्त्याचं काही खरं नसतं. अशा ठिकाणी सुटे भाग जितके कमी तितकी झोप चांगली. (बॅटरीवरून आठवलं: शून्याच्या खाली तापमान असताना ती चार्ज करू नका, कायमची खराब होते. खोलीत आणा, थोडी गरम होऊ द्या. पण बुखारीला टेकवून ठेवू नका. हे सांगावं लागू नये, पण सांगावं लागतं.)

इथल्या बिनडांबरी रस्त्यांवर मिलिटरी ट्रक जाऊन जाऊन आडव्या लाटा पडतात, पन्हाळी पत्रा आडवा टाकल्यासारख्या. फुल सस्पेन्शनवाले म्हणतात, इथे तरी आमचं ऐकाल की नाही. ऐकतो. पण त्या पत्र्यावर शॉकअपच्या आधी टायर काम करतो. सव्वादोन-अडीच इंच रुंद टायर आणि योग्य हवा, हा जगातला सगळ्यात स्वस्त शॉकअप आहे आणि तो प्रत्येक सायकलीला जन्मतःच मिळालेला असतो. आपण त्यात ट्रकसारखी हवा ठासून त्याला मारून टाकतो. दुकानात ५० पीएसआय भरून देतात, कारण त्यांना पंक्चरची तक्रार नको असते. ७५ किलोच्या माणसाने अडीच इंची टायरमध्ये बावीस ते अठ्ठावीसच्या दरम्यान ठेवून बघावं. ट्यूब असेल तर वरच्या बाजूला, नाहीतर दगडावर ट्यूब चिमटून दोन भोकं पडतात. ट्यूबलेस केलं तर खालच्या बाजूला.

यात उंचीची एक गंमत आहे. हवेचा दाब आपण मोजतो तो बाहेरच्या हवेच्या तुलनेत. साताऱ्याला भरलेली तीच हवा लेहला आणली, तापमान तेच धरलं, तर गेजवर सुमारे ४ पीएसआय जास्त दिसते, कारण बाहेरची हवा पातळ झालेली असते. पंचविसाचे एकोणतीस होतात आणि माणूस म्हणतो, इथले रस्तेच कडक. चिमट्याच्या खालच्या नळ्यांत अडकलेल्या हवेचंही हेच होतं. चिमटा उगाच ताठ वाटतो. काही चांगल्या चिमट्यांना ती हवा सोडायची बारीक बटणं असतात. दाबा, फुस्स होईल, चिमटा पुन्हा मऊ. ज्यांच्या सायकलीला मागेही हवेचा शॉकअप आहे त्यांनी तिकडेही हवा तपासायची. वर येऊन आणखी एक काम.

पाठीचं काय, हा प्रश्न उरतो आणि तो मी टाळत नाही, कारण हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या डिस्चार्ज बुकात मणक्याचा उल्लेख असेल. डॉक्टरने सायकल बंद सांगितली असेल तर बंद. तिथे कुठलाही शॉकअप वाद घालू शकत नाही. डॉक्टरने परवानगी दिली असेल तर पैसे या क्रमाने खर्च करा. आधी बसायची मापं: सीटची उंची, सीट पुढे-मागे, हँडल थोडं वर. कंबर दुखते म्हणून आलेल्या दहातल्या सहा सायकली मी पाहिल्या तर सीट तरी खाली असते नाहीतर हँडल फार लांब. मग टायर आणि त्यातली हवा. मग शॉकअपवाला सीटपोस्ट. ही दांडी तीन-चार सेंटिमीटर खाली-वर होते, काही हजारांत येते, दोन बोल्टवर बसते, बिघडली तर काढून साधी दांडी लावा. मागच्या चाकाचा दणका सीटपर्यंत येताना मधेच अडवणं एवढंच आपल्याला हवं होतं. त्यासाठी पूर्ण चौकट सांध्यांवर टांगायची गरज नव्हती. आणि मोठा खड्डा दिसला की मोटर आहे म्हणून बसून राहू नका. पॅडल समांतर करा, ढुंगण चार बोटं उचला. नोकरीभर गाडीच्या मागच्या बाकावर बसून असेच खड्डे काढलेत.

लष्करांनी सायकल वापरली त्याचा इतिहास मोठा आहे आणि त्यात मागचा शॉकअप क्वचितच दिसतो. स्वित्झर्लंडच्या फौजेने १९०५ साली एक सायकल ठरवली. एकच गिअर, वीस किलोच्या वर वजन. पुढची ८८ वर्षं त्यांच्या सायकल तुकड्यांना तीच पुरली. १९९३ साली नवी आली, तिला सात गिअर दिले, पुढे-मागे सामानाचे कॅरिअर दिले. शॉकअप पुढेही दिला नाही. आणि तो देश सपाट नाही. मलायात १९४१-४२ साली जपानी पायदळ सायकलींवर खाली उतरलं, ट्यूब फुटल्या तर नुसत्या रिमवर. दिएन बिएन फूच्या लढाईसाठी १९५४ साली व्हिएतनामी हमालांनी बांबूच्या काठ्या बांधलेल्या सायकलींवर दोन-दोनशे किलो माल ढकलत जंगलातून नेला. "तेव्हा शॉकअप होते कुठे" असं कुणी म्हणेल. बरोबर, पण स्विसांकडे १९९३ साली होते. तरी त्यांनी ते लावले नाहीत.

परदेशी व्हिडिओ बघून ठरवणाऱ्यांना एक विचारतो. त्या व्हिडिओत माणूस डोंगरावरून खाली येताना दिसतो, उड्या मारत, खास बांधलेल्या पायवाटेवरून. वर तो बऱ्याचदा केबल कारने गेलेला असतो. तुम्ही कुठे चालवणार आहात? यवतेश्वरचा घाट चढून कासला आणि पुढे बामणोलीकडे. फुटका डांबरी रस्ता, मध्ये खडी, पावसाळ्यात जांभ्याचा लाल चिखल. नोकरीत असाल तर बीआरओचा रस्ता, तोही अर्धा डांबरी. मुलाला शाळेत सोडणार, मागे कॅरिअरवर भाजीची पिशवी. हार्डटेलला कॅरिअर लावायची भोकं बऱ्याचदा चौकटीतच असतात. फुल सस्पेन्शनच्या हलत्या मागच्या हाताला कॅरिअर लावून बघा आणि मला कळवा.

मग फुल सस्पेन्शन कुणी घ्यावी? ज्याला खरोखर दगडी पायवाटांवरून वेगात उतरायचं आहे, ज्याच्याकडे त्यासाठी लाखांत मोजायला पैसे आहेत आणि ते पेन्शनमधून कापले जाणार नाहीत, ज्याच्या शहरात शॉकअप उघडणारा माणूस आहे किंवा जो स्वतः उघडायला शिकायला तयार आहे. असे लोक आहेत. आमचे एक कॅप्टन साहेब आहेत, रविवारी सकाळी सांध्याचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासतात आणि वहीत लिहून ठेवतात. त्यांनी अवश्य घ्यावी. चहाबरोबर वही चाळायला मिळते, मजा येते. पण ते साहेबसुद्धा तुम्हाला सांगतील की डॅम्पर नसलेली पन्नास हजारांची डबल शॉकअप कुणीच घेऊ नये. या एका मुद्द्यावर आमच्यात दुमत नाही.

हार्डटेल घेतानाही डोळे उघडे ठेवा, कारण तिथेही गंडवतात. पुढच्या चिमट्यावर लॉकआउटचं बटण असलं म्हणून तो चांगला होत नाही; तोही दाबून, सोडून बघा. ब्रेक डिस्कचेच हवेत, जमल्यास तेलाचे, कारण वीस-बावीस किलोची सायकल, वर तुम्ही, आणि घाट उतरायचाय. मागे हब मोटर असेल तर स्पोक जाड आहेत का बघा आणि पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर चाक ट्रू करून घ्या; मोटरच्या चाकाचे स्पोक सुरुवातीला ढिले होतात आणि दुर्लक्ष केलं तर एकापाठोपाठ तुटतात. अशा चाकाचं पंक्चर काढताना आधी मोटरच्या वायरची जोडणी सुटते, मग एक्सलचा नट. तो साधारण १८ नंबरच्या पान्याने निघतो, पण आपल्या सायकलीला नेमका कुठला लागतो ते घरीच बघून तो पाना सीटखालच्या पिशवीत टाका, नाहीतर मोटर असलेली सायकल हातात धरून चालायचा कार्यक्रम होतो. बॅटरी कुलपाने निघणारी हवी. आणि विकणाऱ्याला एवढंच विचारा: बॅटरी, कंट्रोलर आणि डिस्प्ले दोन वर्षांनी सुटे मिळतील का, आणि ते बिलावर लिहून देणार का. "साहेब, काळजीच करू नका" हे उत्तर मिळालं तर दुकानातून बाहेर या.

सुभेदार साहेबांच्या सायकलीचं पुढे काय झालं ते काहींनी विचारलं होतं. तिची हब मोटर, बॅटरी आणि कंट्रोलर धड होते. मुलाने एक जुनी पोलादी हार्डटेल चौकट मिळवली, मागच्या एक्सलचं माप जुळलं, वेल्डिंगवाल्याने मोटर फिरू नये म्हणून टॉर्क आर्म बनवून दिला. सीटखाली शॉकअपवाली दांडी लावली, टायरमध्ये हवा अठ्ठावीस. साहेब आता रोज सकाळी सहाला निघतात, धरणाच्या भिंतीपर्यंत जाऊन येतात. फोटो पुन्हा सुरू झालेत.